तुळशीबागेतली बाळाची खरेदी: कुंचीला पैकीच्या पैकी, काजळाला शून्य

बारसं असो, उष्टावण असो की बोरन्हाण, बाळाला नटवायचं सगळं सामान पुण्यात एका फेरीत मिळतं ते तुळशीबागेतच. राममंदिराच्या भोवतालच्या बोळांत कुंच्या, झबली-टोपडी, मनगट्या, काजळाच्या डब्या, कापडी अस्वलं, गुबगुबीत बाळांची पोस्टरं, पितळी बाळकृष्ण आणि पौष लागला की हलव्याचे दागिने. हे परीक्षण कुठल्या एका दुकानाचं नाही, या सामानाचं आहे. प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारला आहे: ही घातल्यावर बाळाचा मूळचा चेहरा जास्त खुलतो, की त्या चेहऱ्यात फेरफार होतो? पहिल्या जातीच्या वस्तू डोळे झाकून घ्याव्यात. दुसऱ्या जातीच्या बहुतेक वस्तू नुसत्या निरुपयोगी नाहीत, काही चक्क घातक आहेत.

हा प्रश्न कुठून आला ते आधी सांगायला हवं. ऑस्ट्रियाचे प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कॉनराड लोरेंझ यांनी १९४३ मध्ये एक नेमकं वर्णन मांडलं. शरीराच्या मानाने मोठं डोकं, पुढे आलेलं रुंद कपाळ, चेहऱ्याच्या मध्यरेषेच्या खाली बसलेले मोठे डोळे, फुगीर गाल, चिमुकलं नाक आणि जिवणी, आखूड भरीव हातपाय. ही ठेवण दिसली की मोठ्या माणसात जपण्याची, उचलून घेण्याची ओढ जागी होते, मग ते माणसाचं पिल्लू असो की मांजराचं. २००९ मध्ये बाळांचे फोटो संगणकावर थोडे थोडे बदलून हे तपासलं गेलं. कपाळ, डोळे आणि गाल वाढवलेल्या चेहऱ्यांना लोकांनी जास्त गोंडस ठरवलं आणि त्या बाळांची काळजी घ्यावीशी जास्त वाटते असंही सांगितलं. त्याच्या आदल्या वर्षी मेंदूच्या मोजणीत असं दिसलं होतं की बाळाचा चेहरा पाहिल्यापासून सेकंदाच्या सातव्या हिश्श्यात मेंदूच्या पुढच्या भागातला एक ठरावीक कोपरा सळसळतो. मोठ्या माणसाचा चेहरा पाहून तो तसा सळसळत नाही. इतक्या वेळात विचार होत नाही. म्हणजे पहिली ओढ उपजत आहे.

त्यानंतरच्या क्षणी संस्कार बोलायला लागतात. 'गोरंपान आहे हो', 'जावळ किती दाट', 'अंगावर बाळसं नाही धरलं अजून' ही वाक्यं त्या सातव्या हिश्श्यानंतरची. २०१४ मध्ये जपान आणि इटलीतल्या तरुण मुलींना दोन्ही वंशांच्या बाळांचे फोटो दाखवून चेहऱ्याचं तापमान मोजलं, तेव्हा आपलं बाळ असो वा परकं, शरीराचा प्रतिसाद सारखाच निघाला. आपला-परका हा फरक पडला तो मोठ्या माणसांचे चेहरे दाखवून तोंडाने मत विचारल्यावर. तुळशीबागेतला माल या दोन थरांत विभागून बघितला की काय घ्यावं हे फार सोपं होतं.

आता कुंची. बाळाच्या कपड्यांत तिच्या तोडीचं काही नाही.

डोक्यावरून येऊन पाठीवर रुळणारं हे टोपडं चेहऱ्याला गोल चौकट घालतं. विरळ जावळ, चपटं झालेलं मागचं डोकं, बाहेर आलेले कान हे सगळं कापडाआड जातं आणि उरतात ते कपाळ, डोळे, गाल. लोरेंझच्या यादीतलं जे जे चेहऱ्यावर असतं तेवढंच नेमकं बाहेर. कुणी पणजीने हे शास्त्र वाचलं नव्हतं, पण कुंचीचा काठ कुठे यावा हे तिला पक्कं ठाऊक होतं: भुवईच्या वर दोन बोटं, जावळाच्या रेषेवर. तयार कुंच्यांत सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच. काठ भुवयांवर उतरला की कपाळ नाहीसं होतं, डोळे चेहऱ्याच्या वरच्या बाजूला आल्यासारखे वाटतात आणि बाळ प्रौढ, कंटाळलेलं दिसतं. दुकानात बाळ सोबत नसतं, म्हणून माप लिहून न्या. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर असतो. पहिले तीन महिने तो महिन्याला सुमारे २ सेंटिमीटरने वाढतो, पुढचे तीन महिने सुमारे एकाने, त्यानंतर अर्ध्याने. म्हणजे बारशाला ३५ची कुंची घेतली तर दीड-दोन महिन्यांत ती खुंटीवर गेलीच. ४२ ते ४३ची घ्यावी आणि मागच्या शिवणीत दोन कच्चे टाके घालून तात्पुरती लहान करावी. सहाव्या महिन्यात टाके उसवले की झालं.

कापड खणाचंच बघावं. गडद हिरवा, जांभळा, मोरपंखी, डाळिंबी. सावळ्या आणि गव्हाळ कांतीभोवती गडद कापड आलं की चेहऱ्याला उठाव येतो. फिक्या गुलाबी किंवा पिवळट साटीनच्या कुंचीत तोच चेहरा मातकट दिसतो आणि मग दोष बाळाच्या रंगाला दिला जातो. दुकानदार सवयीने साटीन आणि वेल्वेट आधी काढतात. साटीन सरकतं, वेल्वेट उकडतं. खण मागून घ्यावा लागतो, मागावा.

अस्तर उलटं करून बघायला लाजू नका. पैठणीकाठाची किंवा जरीच्या लेसची टोकं आतून मोकळी असतील तर कपाळावर लाल ओरखडे उठतात. अस्तर मऊ मलमलचं हवं आणि कपाळाच्या बाजूला ते अर्धा इंच बाहेर वळवून शिवलेलं हवं, म्हणजे कातडीला जर लागतच नाही. असं शिवलेली कुंची तयार मिळणं कठीण आहे. शिवून घ्यायची तर अर्धा मीटर खण आणि तेवढंच अस्तर भरपूर होतं. खण शिवण्याआधी धुऊन घ्या. पहिल्या धुण्यात तो आटतो, शिवाय काही गडद रंग जातात आणि तो रंग घामाबरोबर बाळाच्या मानेवर उतरतो.

हनुवटीखालच्या नाड्यांबाबत मात्र तडजोड नको. युरोपात ७ वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांत डोक्याला आणि मानेला नाडी ठेवायला परवानगीच नाही, कारण अडकून गळा आवळण्याचा धोका खरा असतो. नाड्या कापून तिथे हलकं वेल्क्रो लावावं, ओढ बसली की ते आपसूक सुटतं. आणि बाळ झोपलं की कुंची काढावी. तान्ही मुलं अंगातली उष्णता बरीचशी डोक्यावाटे बाहेर टाकतात. झोपेत डोकं झाकलेलं राहिलं तर अंग तापतं आणि कापड तोंडावर सरकण्याची भीती असते. पुण्याच्या एप्रिलमध्ये तर कुंची फोटोपुरतीच. एवढं पाळलं तर कुंचीत उणं काढायला जागा नाही.

झबल्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मलमलचं, पुढून बांधायचं झबलं घ्या. डोक्यातून घालायचे कपडे मान न धरलेल्या बाळाला त्रासाचे होतात. पण मापाच्या लेबलाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यापायी घरोघरी उगाच चिंता होते. '०-३ महिने' लिहिलेल्या कपड्यात आपलं बाळ बुडून जातं आणि लगेच कुणीतरी म्हणतं, 'फारच बारीक आहे हो.' याचं उत्तर पुण्यातच शोधलं गेलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. इथल्या बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तिथल्यांचं ३.५ किलो. पण वजन एवढं कमी असूनही इथल्या बाळांच्या अंगावरची चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. कमी होते ते स्नायू. २००३ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि 'थिन-फॅट बेबी' हा शब्द जगभर रूढ झाला. तेव्हा कपडा ढगळ होतो म्हणून बाळ अशक्त ठरत नाही, आणि अंग भरलेलं दिसतं म्हणून सगळं आलबेल आहे असंही नाही. गुटगुटीतपणा ही डोळ्याची आवड आहे, तब्येतीचं माप नाही. ते माप लसीकरणाच्या कार्डावरच्या वाढीच्या रेषेत असतं. झबली एक माप लहान घ्या, पण थोडी घ्या.

जुन्या पिढीत गुबगुबीत बाळाला 'ग्लॅक्सो बेबी' म्हणायची पद्धत होती. डब्याच्या जाहिरातीतलं बाळ हे घरातल्या बाळाचं माप झालं होतं. चित्रातल्या गालांची ही ताकद आपल्या कायद्यानेही ओळखली आहे. १९९२च्या शिशुदुग्ध पर्यायांविषयीच्या कायद्यानुसार पावडरच्या दुधाच्या डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्र छापता येत नाही. औषधाच्या दुकानात गेलात तर बघा, त्या फळीवर एकही गोंडस चेहरा नाही.

पोस्टरांना असा कायदा नाही. गरोदर बाईच्या खोलीत लावायला म्हणून जी चित्रं विकली जातात त्यांतली बाळं जवळपास सगळी गुलाबी, पिंगट केसांची, निळ्या डोळ्यांची. पहिल्या थराची परीक्षा ती उत्तम पास होतात: डोळे मोठे, गाल फुगलेले, बाळं निवडलेली बहुधा पाच-सहा महिन्यांची. म्हणूनच बाईला बघून बरं वाटतं, आणि बरं वाटणं खोटं नाही. पण त्या गोडव्याच्या पाठीवर बसून रंगाची अपेक्षा घरात शिरते. नऊ महिने एक चेहरा भिंतीवर आणि दहाव्या महिन्यात दुसराच मांडीवर, ही तुलना त्या बाळावर अन्याय करते. बघून बाळ तसं होत नाही. रंग आई-बापाकडून येतो. आमचं स्पष्ट मत आहे की हे पोस्टर घेऊ नये. त्याऐवजी आजी-आजोबांचे, मामा-आत्याचे सहा महिने ते वर्षाच्या वयातले जुने फोटो स्कॅन करून १२ बाय १८ इंचाच्या मॅट कागदावर छापून घ्या. चकचकीत कागदावर दिव्याची तिरीप चमकते, आणि जुन्या फोटोचे ओरखडेही त्यावर जास्त दिसतात. स्कॅन ६०० डीपीआयला करा, नाहीतर एवढ्या आकारात चेहरे फुटतात. आपल्या घराण्याचं नाक आणि आपल्या घराण्याचा रंग डोळ्यांना गोड लागायची सवय अशीच होते.

आता काजळ आणि तीट. दोन्ही एकाच डबीतून लावली जातात, पण दोघींचं काम अगदी उलटं आहे, म्हणून वेगळं लिहितो.

काजळ डोळे मोठे दिसावेत म्हणून. पण नवजात बाळाचा डोळा लांबीला जवळजवळ १७ मिलिमीटर असतो आणि मोठ्या माणसाचा २४. सगळं शरीर तिपटीहून अधिक उंच व्हायचं असताना डोळा सत्तर टक्के तयार होऊनच आलेला असतो. तो मोठा दिसतो कारण तो मोठाच आहे. त्याला रेघेची गरज नाही. बाजारातल्या काजळात आणि सुरम्यात शिसं सापडल्याचं अनेकदा दिसून आलं आहे. सुरम्यासाठी दळतात तो गॅलिना म्हणजे शिशाचा सल्फाइड, त्याला तो काळा चकाकता रंग असतो. बाळ डोळे चोळतं, बोट तोंडात घालतं आणि ते पोटात जातं. शिशाची सुरक्षित अशी कुठलीही पातळी माहीत नाही. ते वाढत्या मेंदूला इजा करतं. 'हर्बल' लिहिलेल्या डबीने यात फरक पडत नाही.

घरी एरंडेलाच्या दिव्यावर धरलेल्या काजळात शिसं नसेल, तरी डोळ्यात घालायला तेही नको. अनेक बाळांची डोळ्यातून नाकात उतरणारी अश्रूंची नळी जन्मानंतर काही आठवडे पुरती उघडलेली नसते. त्यात काजळीचे कण आणि तुपाचा चिकटपणा साचला की डोळा चिपडतो. बोटाच्या नखाने बुबुळाला इजा होते ती वेगळी. शून्य गुण, आणि याला अपवाद नाही.

तीट मात्र जपण्यासारखी आहे. गोंडसपणाला लगाम घालणारी दुसरी अशी वस्तू नाही. इतर सगळं सामान बाळाकडे नजर ओढतं, तीट ती नजर सैल करते: बघा, इथे एक डाग आहे, फार कौतुक करू नका. तिच्यामागे दृष्टीची समजूत आहे. ती मानणं न मानणं ज्याचं त्याच्यापाशी. पण अति गोड बाळ दिसलं की माणसाला आवरत नाही हे खरं आहे. गालगुच्चे घेतले जातात, 'खाऊन टाकू का तुला' असं म्हटलं जातं, दात आवळले जातात. २०१५ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी याचा अभ्यास केला आणि दिसलं ते असं की गोडव्याने भारावून गेलेल्या माणसाच्या तोंडून असे आक्रमक उद्गार निघतात आणि त्यांच्या मदतीने तो उमाळा लवकर निवळत असावा. आपल्याकडची आजी अलाबला काढते आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडते. बाळाचा गाल वाचतो. पद्धत म्हणून हे फार शहाणपणाचं आहे, बारशाला आलेल्या प्रत्येकाला शिकवावं.

बाजारातली तीट काजळाच्याच डबीतून येत असेल तर तिच्यावर तोच शिशाचा आक्षेप. घरी साबुदाण्याची करावी. लोखंडी कढईत दोन मोठे चमचे साबुदाणा मंद आचेवर पूर्ण काळा होईपर्यंत परता. पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि धूर होतो, खिडकी उघडी ठेवा. मग गॅस बंद करून, थोडं थांबून, एक वाटी गरम पाणी कडेने हळूहळू ओता. फसफसून अंगावर उडतं, म्हणून चेहरा लांब. पुन्हा उकळून, गाळून, काकवीइतकं दाट होईपर्यंत आटवा आणि स्वच्छ घासलेल्या करवंटीत ओतून तीन-चार दिवस उन्हात कडक वाळवा. लावताना बोट ओलं करून वर फिरवायचं. साबुदाणा तपकिरी असतानाच उतरवला तर तीट चिकट राहते आणि मुंग्या येतात. नीट आटवली नाही तर आठवड्यात बुरशी येते. गालापेक्षा तळपाय किंवा कानामागची जागा बरी, बाळाचा हात तिथे लवकर पोचत नाही.

उटणं, बेसन-साय, 'गोरेपणासाठी' म्हणून दिली जाणारी पिठं यांच्यावर एका परिच्छेदापेक्षा जास्त वेळ घालवू नये. बाळ जन्मतः गुलाबीसर दिसतं कारण कातडी पातळ असते आणि खालचं रक्त दिसतं. पुढच्या काही महिन्यांत रंगद्रव्य तयार होऊन खरा रंग स्थिरावतो. याला 'काळवंडलं' म्हणतात आणि पिठाने घासायला घेतात. त्याने रंग जात नाही, कातडी सोलवटते. घेऊ नका.

खेळण्यांच्या गल्लीत कापडी अस्वलं रांगेने बसलेली दिसतील. त्यांचा चेहरा नीट बघा: कपाळ मोठं, तोंड चपटं, डोळे खाली. अस्वल असं नसतं. १९८५ मध्ये केंब्रिजमध्ये जुनी-नवी टेडी अस्वलं मोजून पाहिली, तेव्हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीची अस्वलं लांब मुस्कटाची आणि अरुंद कपाळाची निघाली. पुढे दर पिढीत मुस्कट आखूड आणि कपाळ मोठं होत गेलं होतं. मग १९९५ मध्ये कुणीतरी मुलांनाच विचारलं. चार वर्षांच्या मुलांना बाळचेहऱ्याच्या अस्वलाची विशेष ओढ नव्हती, ती सहा-आठ वर्षांच्या मुलांत दिसली. म्हणजे तान्ह्यासाठी घेतलेलं अस्वल हे मुळात घेणाऱ्याच्या डोळ्यांसाठी असतं. आपली जुनी लाकडी ठकी तर सरळ बाईसारखी होती. तिला गोंडस करायची गरज कुणाला वाटली नाही, कारण तिच्याशी खेळणारी पोर स्वतःच आई होत होती. तेव्हा अस्वल घ्यायचंच तर चेहऱ्यावर जाऊ नका, डोळे ओढून बघा. चिकटवलेले प्लास्टिकचे डोळे नकोत, दोऱ्याने भरलेले हवेत. २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, ते शोधा. रस्त्यावरच्या ढिगातल्या मालावर ते बहुधा दिसत नाही. ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या चाचणीच्या नळकांड्यात जे मावतं ते तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतं असं धरतात. घरी टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीने बघा. ती थोडी मोठीच असते, म्हणजे चूक झाली तर सावधपणाच्या बाजूने होते.

हीच नळी मनगट्यांना लावा. काळ्या-सोनेरी मण्यांच्या मनगट्या मांसल मनगटाच्या वळीवर फार शोभतात आणि वळी हाच तर आखूड, भरीव हाताचा गोडवा. पण साध्या दोऱ्यात ओवलेल्या घेऊ नका. प्रत्येक मण्यानंतर गाठ असलेल्या किंवा तारेत ओवून घेतलेल्या घ्या, आणि मनगट व मणी यांत करंगळी सहज जाईल एवढी सैल. तान्ह्याचं मनगट महिन्यात बदलतं, दर आठवड्याला करंगळी घालून बघावं. वाळ्यांचे घुंगरू हाताने ओढून पाहावेत. गळ्यात ताईत, दोरा, साखळी काहीच नको.

पौषात या बाजाराचं रूप बदलतं आणि खरेदीला तेव्हाच यावं. मकरसंक्रांत ते रथसप्तमी या काळात बोरन्हाण होतं. काळ्या कपड्यावर पांढरेशुभ्र हलव्याचे दागिने: मुकुट, हार, बाजूबंद, मनगट्या, कंबरपट्टा, बासरी. बाळाचा कृष्ण होतो, मुलीची राधा. डोळ्याच्या हिशेबाने हा साज कुंचीच्या खालोखाल. काळं कापड मागे जातं, पांढरे काटे प्रकाश फेकतात आणि मधला चेहरा उजळतो. कातडीवर मात्र काहीच थापलेलं नसतं.

हलवा ओळखायला शिका. तीळ, खसखस किंवा साबुदाण्यावर साखरेचा पाक थेंब थेंब टाकत, मंद आचेवरच्या परातीत बोटांनी सतत फिरवत काटे आणतात. हवा कोरडी आणि थंड असली तरच काटे टोकदार उठतात. चांगल्या दागिन्यातले दाणे एकसारखे, दुधासारखे पांढरे आणि काटे सुटे दिसतात. पिवळट झाक किंवा गुळगुळीत, गोळा झालेले काटे म्हणजे ओल लागलेला किंवा गेल्या वर्षीचा माल. दागिना कानाशी धरून हलकेच हलवा. दाणे खुळखुळत असतील तर गोंद सुटला आहे. पुठ्ठ्याच्या मागे कापड लावलेलं हवं, नाहीतर कडा मानेला कापतात. मुकुटाला रबरी इलॅस्टिक असतं ते कपाळावर वळ उठवतं. ते काढून अर्धा इंच रुंदीची सुती पट्टी लावून घ्या, दुकानातच करून मिळते. मुकुटाची खालची कड जावळाच्या रेषेवर, कुंचीचाच नियम. मुकुट बाळाच्या चेहऱ्याच्या उंचीपेक्षा मोठा नको, डोलतो आणि बाळ रडतं.

आणि घाई करू नका. कॅनडात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याच बाळांचे जन्माच्या वेळचे, तीन आणि सहा महिन्यांचे फोटो दाखवले, तेव्हा नवजात चेहरा लोकांना सर्वांत कमी गोंडस वाटला आणि सहा महिन्यांचा सर्वांत जास्त. डोकं आकारात येतं, सूज उतरते, गालात दूध ओढायला मदत करणारी चरबीची उशी भरते, बाळ बघून हसतं. अंगावरची बरीचशी चरबी गर्भाच्या शेवटच्या आठवड्यांत चढते, म्हणून वेळेआधी आलेल्या बाळाला तर याहून जास्त वेळ द्यावा लागतो. जन्माच्या दिवशी बाळ पाहून मनात काही उचंबळलं नाही म्हणून कुणीही स्वतःला दोष देऊ नये, तो चेहराच अजून यायचा असतो. बाळाची पहिली संक्रांत दीड महिन्यावर आली तर पुढच्या वर्षी करा. बोरन्हाण पाच वर्षांपर्यंत केव्हाही चालतं. खर्चिक साज बारशाऐवजी उष्टावणाला घेतला तर फोटोही चांगले येतात आणि बाळही बसतं.

बोरन्हाणाचं खाऊचं मिश्रण तयार मिळतं, पण ते घरी चाळून घ्या. रेवड्या, शेंगदाणे, हरभरे, कडक गोळ्या बाजूला काढा. पाच वर्षांखालच्या मुलांच्या घशात अडकणाऱ्या वस्तूंत याच पुढे असतात आणि सांडलेला खाऊ वेचणारी मुलं त्याच वयाची असतात. चुरमुरे, उसाचे करवे, तिळगुळाच्या मऊ वड्या राहू द्या. बोरं दिसायला हवीतच, ती मोठी घ्या आणि समारंभ झाल्यावर मोजून उचला. दागिने अंगावर दहा मिनिटं पुरेत. सहा महिन्यांचं बाळ मनगटी थेट तोंडात घालतं, काटे विरघळले की आतला दाणा सुटतो.

जायचं कसं, तर दुपारच्या आत आणि बाळाला घरी ठेवून. बाबागाडी या बोळांत वळत नाही. मंडईचं मेट्रो स्थानक सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून गाडी लावण्याची कटकट उरलेली नाही, चालत काही मिनिटांत पोचता येतं. संक्रांतीच्या आदल्या शनिवार-रविवारी हलव्यासाठी जाणं टाळा. मापाचा साज करून घ्यायचा तर दोन आठवडे आधी सांगावा लागतो.

परतताना पितळी सामानाच्या दुकानात थांबा आणि रांगता बाळकृष्ण हातात घेऊन बघा. एका हातात लोण्याचा गोळा, एक गुडघा उचललेला, डोकं धडाच्या मानाने मोठं, पोट पुढे, हातपाय आखूड. लोरेंझच्या कितीतरी आधी ओतारी हेच प्रमाण साच्यात धरत आले आहेत, आणि हे बाळ सावळं आहे. घरात मुलाच्या रंगावरून बोलणं निघतं त्या घरातल्या देव्हाऱ्यातही तोच बसलेला असतो. निवडताना सपाट काचेवर ठेवून बघा, तीनही टेकू टेकले पाहिजेत, डुगडुगता कामा नये. पोकळ मूर्ती टिचकी मारल्यावर पातळ वाजते, भरीव मूर्तीचा आवाज बसका येतो. भरीव घ्या. नाकडोळे फार रेखीव, टोकदार कोरलेले असतील तर ती मूर्ती लहानशा मोठ्या माणसासारखी दिसते. मऊ, गोलाव्याचा चेहरा शोधा. माहेराहून आलेले जुने बाळकृष्ण पिढ्यान्‌पिढ्या चिंचेने घासून नाकडोळे पुसट झालेले, गाल गुळगुळीत झालेले असतात. तसा घरात असेल तर नवा आणूच नका, फक्त राखेने घासणं बंद करून चिंचेच्या कोळात मऊ कापड बुडवून पुसा.